मागणीचा रकाना

९ जुलै, शुक्रवार

प्रिय दादा,

आधी जे घडलं तेवढंच, क्रमाने लिहिते.

१. ३ फेब्रुवारी. आमच्या कंपायलरमध्ये एक बग असल्याचं एका प्राध्यापिकेने कळवलं.

२. ११ फेब्रुवारी. नव्या आवृत्तीत तो बग दुरुस्त झाला. दुरुस्ती चार ओळींची.

३. ५ मार्च. जुन्या, स्थिर आवृत्तीत कोणत्या दुरुस्त्या न्यायच्या ती यादी बंद झाली. बावीस घेतल्या गेल्या, सात राहिल्या. वरची दुरुस्ती राहिलेल्या सातांत होती.

४. २० एप्रिल. तुमच्या कारखान्यातल्या वाफेच्या चेंबरची यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने तिचा प्रोग्राम आमच्या त्याच स्थिर आवृत्तीवर नव्याने कंपाइल करून तुमच्याकडे बसवला.

५. २ जून, सकाळी दहा चाळीस. चेंबर दोनचा हिरवा दिवा लागला. मामांनी दाराचं चाक फिरवलं. आत वाफ होती.

६. ११ जून. मामा गेले.

७. १४ जून. चौकशीत तू सांगितलंस की दिवा हिरवा होता आणि बायपासची किल्ली तू वापरली नाहीस.

८. २३ जून. तू जबाब बदललास.

तुझा फोन दोन आठवडे बंद आहे. वहिनी म्हणते, तू मागच्या खोलीत स्टुलावर बसून असतोस, जेवायला हाक मारली तर येतोस, नाही मारली तर येत नाहीस. म्हणून कागदावर लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईल. पत्र कुरिअरने वहिनीच्या नावाने पाठवते, सोमवारी मिळेल. एका बैठकीत वाच. मध्येच उठून नळ दुरुस्त करायला जाऊ नकोस.

मामा म्हणजे सगळ्या कारखान्याचेच मामा, मी त्यांना एकदाच भेटले होते. तुझा डबा घरी राहिला होता आणि मी तो घेऊन कारखान्यात आले होते. रबर भाजल्याचा तो वास, जो इतकी वर्षं तुझ्या शर्टाला येतो, तो तिथे इतका दाट होता की मला बोलताच येईना. मामा चेंबरमध्ये वाफेवर शिजवायच्या रबरी नळ्यांची गाडी ढकलत होते. मला बघून म्हणाले, ‘तू डॉक्टरची बहीण ना, ती कंप्युटरवाली? मग ह्या डबड्याला जरा समजावून सांग, लवकर शिजव म्हणावं, आमची पोटं खोळंबतात.’ तू मशीनला कान लावून बसतोस म्हणून ते तुला डॉक्टर म्हणायचे, हे मला तेव्हा कळलं. आणखी एक गोष्ट मी पाहिली. दार उघडायच्या आधी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. वाफेने काच धुरकट होते म्हणून. वहिनीने सांगितलं की २ जूनला त्यांच्या खिशात चष्मा शाबूत सापडला. म्हणजे त्यांनी घाई केली नव्हती. रोजच्यासारखंच सगळं केलं होतं. दिवा लागायची वाट पाहिली, चष्मा काढला, मग चाक फिरवलं.

आता माझं काम. तुला ते माहीत आहे, पण हे तुला दुसऱ्यांना सांगावं लागेल, म्हणून साध्या शब्दांत लिहिते. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल असा. मशीनला तो कळत नाही. कंपायलर त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो, आणि करताना जिथे जमेल तिथे काम वाचवतो. एकच गोष्ट उगाच दोनदा करायला सांगितली असेल तर एकदाच ठेवतो. आमचा कंपायलर सतत नवा होत असतो, पण कारखाने, दवाखाने, लिफ्टवाले नवा घेत नाहीत. ते स्थिर आवृत्ती घेतात, आम्ही बोलताना तिला स्टेबल म्हणतो. तिच्यात नवं काही घालायचं नसतं. नव्या आवृत्तीत झालेल्या दुरुस्त्यांपैकी निवडक तेवढ्या हाताने मागे नेऊन तिच्यात बसवायच्या, ह्याला बॅकपोर्ट म्हणतात. गेली तीन वर्षं ती निवड मी करते.

तुमच्या चेंबरचा प्रोग्राम काय सांगतो ते बघ. प्रेशर बघ. शून्य असेल तर दोन मिनिटं थांब. पुन्हा प्रेशर बघ. अजूनही शून्य असेल तर हिरवा दिवा लाव आणि दाराचं कुलूप सोड. दुसऱ्यांदा बघायचं कारण तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोन्ही चेंबरना वाफेची लाइन एकच आहे, मधला व्हॉल्व्ह झिजला की शेजारची वाफ रिकाम्या चेंबरमध्ये मागे शिरते. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने हे ओळखून तिथे खूण केली होती की हा आकडा बाहेरून बदलू शकतो. ती खूण पाळणं कंपायलरवर बंधनकारक आहे. त्या बगमुळे, एका विशिष्ट मांडणीत, आमचा कंपायलर ती खूण विसरायचा. मधल्या दोन मिनिटांत प्रोग्रामने स्वतः प्रेशरला हात लावलेला नाही, मग ते बदलेल कशाला, असा हिशेब करून तो दुसरं बघणं काढून टाकायचा. मशीन एकदा बघायचं, दोन मिनिटं नुसतं थांबायचं आणि दिवा लावायचं. २ जूनला त्या दोन मिनिटांत चेंबर एकमधली वाफ आली.

प्रेशरचा काटा तरी बघायला हवा होता, असं चौकशीतले लोक तुला विचारतील. काट्याची तबकडी मार्चपासून दुरुस्तीला गेलेली आहे, हे शिफ्टच्या रजिस्टरात तू तीनदा लिहिलं आहेस. ते रजिस्टर मागून घे.

तू किल्ली वापरलीस असं त्यांचं म्हणणं आहे, कारण कुलूप सुटायला दोनच वाटा आहेत, दिवा किंवा तुझ्या कमरेची बायपासची किल्ली, आणि दिवा चुकू शकत नाही असं ते धरून चालले आहेत. मी किल्लीच्या गोष्टीवर पहिल्यापासून विश्वास ठेवला नाही. त्याला पुरावा म्हणत नाहीत हे मला कळतं. पण घराला कुलूप लावल्यावर चार पायऱ्या उतरून परत वर जाऊन ते ओढून बघणारा माणूस तू आहेस. लहानपणी मी खाली उभी राहून मोठ्याने आकडे मोजायचे, तू किती सेकंदांत परत येतोस ते. वहिनी म्हणते, ह्यांच्याशी लग्न म्हणजे प्रत्येक प्रवासाला दहा मिनिटं उशीर. बाबा गेल्यावर तू पहिल्यांदा टेबलफॅन उघडलास तेव्हा मला शेजारी बसवून स्क्रू मोजायला लावलंस. अकरा निघाले होते. बसवताना दहाच भरले, तर तू सगळा पंखा पुन्हा उघडलास. अकरावा माझ्या फ्रॉकच्या घडीत होता. तू रागावला नाहीस, म्हणालास, ‘हेडबाई, मोजणाऱ्याने स्वतःचा खिसाही मोजायचा असतो.’

मी जे शिकले ते तिथून शिकले असं मला वाटायचं.

यादीतला तिसरा मुद्दा मी जसा लिहिला तसा आमच्या कार्यालयात लिहितात. घेतल्या गेल्या, राहिल्या. दुरुस्ती आपोआप राहत नाही. ती मी सोडली.

कशी सोडली ते सांगते. पहिल्या वर्षी मी एक दुरुस्ती उत्साहाने मागे नेली होती. तिने दुसरंच काही मोडलं आणि आठवडाभर जगभरातून लोक आम्हाला शिव्या घालत होते. आमच्यात एक सगळ्यांत जुने गृहस्थ आहेत, त्यांना सगळे आजोबा म्हणतात. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, ‘पोरी, स्थिर म्हणजे काय? काल चाललं ते आज चालणं. तुझी हुशारी तिला नको आहे.’ त्यानंतर मी यादीत एक रकाना वाढवला. मागणी. ही दुरुस्ती मागे आणा असं कुणी प्रत्यक्ष मागितलं आहे का? ज्याला त्रास होतो तो मागतोच, असा त्यामागचा विचार. मागणी नसेल आणि काम जोखमीचं असेल तर थांबायचं. सगळ्यांना हा रकाना आवडला. आजोबांनी तर तो बाकीच्या गटांनाही लावायला सांगितला.

५ मार्चला शुक्रवार होता. राहिलेल्यांतली ही सातवी दुरुस्ती हातात घेतली तेव्हा साडेचार वाजले होते. नव्या आवृत्तीत ती चार ओळींची होती, पण जुन्या आवृत्तीत आजूबाजूचा सगळा भाग वेगळा, तिथे ती चाळीसेक ओळींची झाली असती. वर चाचण्यांना अकरा तास. म्हणजे शनिवारी येऊन बसावं लागलं असतं. मी मागणीचा रकाना पाहिला. रिकामा होता. शेरा लिहिला, ‘मागणी नाही. पुढच्या वेळी पाहू.’ खाली माझी आद्याक्षरं आहेत. शनिवारी मी पडद्याचं कापड आणायला गेले. फिकट करडं. ते पडदे आता खिडकीला आहेत.

इथवरचं मी चौकशीपुढे कुणाच्याही परवानगीशिवाय सांगू शकते. माझं काम आहे, माझी सही आहे.

पण वरच्या यादीत एक तारीख मी लिहिली नाही. २७ फेब्रुवारी. तुला आठवत असेल. शनिवार होता, तू दुपारी फोन केलास. मागे वहिनी भांडी लावत होती. तू म्हणालास, ‘हेडबाई, एक विचारू? हसू नकोस.’ चेंबर दोनचा दिवा कधी कधी लवकर लागतो, दिवा हिरवा असतो आणि पाइपला कान लावला तर आत सूं सूं ऐकू येतं, असं तू सांगितलंस. मामांना तू तेव्हापासून दिव्यानंतर आणखी पाच मिनिटं थांबायला लावत होतास. मग म्हणालास, ‘त्याला दोनदा बघायला सांगितलंय ना? मला वाटतं ते एकदाच बघतंय. तुमच्या त्या कंपायलरात काही असेल का गं?’

दादा, प्राध्यापिकेला तो बग शोधायला तीन महिने लागले होते. तू पाइपला कान लावून शोधलास.

मी काय म्हणाले तेही तुला आठवत असेल, तरी लिहिते, कारण मला ते शब्दशः आठवतं. मी म्हणाले, स्वतःची चूक सापडली नाही की लोक कंपायलरवर ढकलतात. आमच्याकडे रोज असे दहा येतात, त्यातल्या नऊ जणांची चूक त्यांचीच निघते. तू विचारलंस, ‘आणि दहाव्याची?’ मी हसून म्हणाले, दहावा वर्षाकाठी एखादा येतो. मग तू म्हणालास, ‘बरं. तू म्हणतेस तर माझंच काहीतरी असेल.’ तरीही दुसऱ्या दिवशी तू यंत्रणेतून काढलेली प्रोग्रामची प्रत मला मेलने पाठवलीस. खाली लिहिलं होतंस, ‘सवडीने बघ, नाहीतर राहू दे.’

मी ती उघडली नाही. पाचच दिवसांनी मी ‘मागणी नाही’ असं लिहिलं. मागणी आली होती. ती माझ्या भावाकडून, घरच्या फोनवर आली होती, म्हणून मी ती धरली नाही. रकाना मीच बनवला होता आणि त्यात काय बसतं हेही मीच ठरवलं होतं. एप्रिलमध्ये कंपनीने नवा प्रोग्राम बसवला तेव्हा तू मेसेज केलास की आता बहुतेक ठीक असेल, पाच मिनिटं थांबायचं बंद केलं. मी त्यावर अंगठा पाठवला.

२४ जूनला वहिनीने तुझ्या बदललेल्या जबाबाचा फोटो पाठवला. त्यात तुझ्या अक्षरात होतं, ‘मला नीट आठवत नाही. किल्ली लावली असेल. मशीन चुकत नाही, माझंच काहीतरी झालं असेल.’ मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग मेलमध्ये तुझी २८ फेब्रुवारीची प्रत शोधली. ती न उघडलेल्या मेलच्या ठळक अक्षरांत तशीच होती. उघडल्यावर मला चाळीस मिनिटं लागली. त्यात आमच्या आवृत्तीचा आकडा आहे, आणि दुसरं बघणं नाही. पुरवठादार कंपनीच्या संकेतस्थळावरून एप्रिलमधली प्रत उतरवून घेतली. तिच्यातही नाही. तू मला फेब्रुवारीत जे विचारलंस त्याचं उत्तर ‘हो’ असं आहे.

त्यानंतरचं थोडक्यात. ती दुरुस्ती मी २६ जूनला मागे नेली. चाळीस नव्हे, सदतीस ओळी झाल्या. १ जुलैला स्थिर आवृत्ती नव्याने निघाली. पुरवठादार कंपनीला मी स्वतः कळवलं. अशी यंत्रणा आणखी अकरा कारखान्यांत आहे, तिथली चेंबर त्यांनी त्याच दिवशी थांबवली. पण बाहेर सांगताना ‘खबरदारीचा बदल’ एवढंच म्हटलं आहे, आणि तुमचा कारखाना म्हणतो त्याचा २ जूनशी संबंध नाही. माझ्या साहेबांना मी सगळं सांगितलं. ते सभ्य माणूस आहेत, मला पाणी दिलं, आणि म्हणाले की वकील बघेपर्यंत ह्याबद्दल बाहेर कुणालाही एक अक्षर लिहू नकोस. कागदावर लिहायचं दुसरं कारण हे. मी तुला बाहेरचा धरत नाही. फेब्रुवारीतही धरायला नको होतं.

माझ्या नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही आणि ह्या पत्रात तो मुद्दाही नाही. मामांच्या घरी मी अजून गेलेले नाही. गेले तर काय सांगायचं ते ठरलेलं नाही, आणि न ठरवता जाण्याइतकी मी चांगली नाही. तुझी माफी मागायचं दोनदा लिहून खोडलं. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून मला आत्ता तसलं काही घ्यायचं नाही. काल वहिनीने फोनवर एक गोष्ट सांगितली. ती रडत नव्हती, भाजी निवडता निवडता बोलत होती. म्हणाली, ‘परवा आम्ही बाहेर पडलो. ह्यांनी कुलूप लावलं आणि सरळ चालायला लागले. मीच परत जाऊन ओढून बघितलं.’ त्यानंतर मी हे पत्र लिहायला बसले.

शुक्रवारी, १६ जुलैला, तू किल्ली वापरल्याचं कबूल करणारा कागद ते तुझ्यापुढे सहीला ठेवणार आहेत. सही झाली की चौकशी बंद होईल आणि मामांचा मृत्यू कायमचा तुझ्या नावावर जाईल. मी त्या दिवशी येणार आहे, त्यांनी बोलावलं नाही तरी. एप्रिलची प्रत माझ्याकडे आहे, पण तेवढ्यावर ते म्हणतील की बहीण भावाला वाचवायला नंतर काहीतरी शोधून आली. तू अपघाताच्या तीन महिने आधी हा दोष ओळखला होतास आणि योग्य माणसाला विचारलं होतंस, हे फक्त तुझ्या २८ फेब्रुवारीच्या मेलने सिद्ध होतं. ती प्रत तू परवानगी न घेता कारखान्याबाहेर पाठवली होतीस. मी ती पुढे ठेवली तर त्यासाठी ते तुला कामावरून काढू शकतात, आणि बहुधा काढतील. म्हणून ह्या वेळी मी परस्पर ठरवणार नाही. तो मेल मी चौकशीपुढे ठेवू की नको, हे बुधवार, १४ जुलैच्या संध्याकाळपर्यंत मला कळव. वहिनीच्या फोनवरून ‘हो’ किंवा ‘नको’ एवढं लिहिलंस तरी चालेल. तोपर्यंत कशावरही सही करू नकोस.

तुझीच,
हेडबाई